काचेआडची सवाष्ण

॥ श्री ॥
जठारपेठ, अकोला
दि. १९ जुलै १९६४

ती. स्व. मैनाआक्काचे सेवेशी,
धाकट्या भगवंताचा शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेल्या मुगवड्या पोचल्या. मी दुकानातून घरी येईपर्यंत डबा निम्मा झाला होता. तुझी भावजय सुंदरा म्हणते, बडनेऱ्याला गाडी बदलताना वड्या कमी झाल्या असतील. मी ते मान्य केलं, कारण मला याच घरात राहायचं आहे.

आता कामाचं लिहितो. शेजारचा कल्हईवाला गाळा सोडून नागपूरला मुलाकडे चालला. घरोघर स्टीलची भांडी आली, कल्हई लावणार कोण? मालकाने तो गाळा आधी मला विचारला आहे. मधली भिंत पाडली आणि रस्त्याच्या अंगाला आरपार काच बसवली, की असं नायलॉन-टेरिलीनच्या कापडाचं दुकान होईल की मूर्तिजापूरचं गिऱ्हाईकसुद्धा वाट वाकडी करून येईल. फक्त भांडवल पाहिजे. बाबांनी जाताना नांदगावचं सहा एकर आपल्या दोघांच्या नावे केलं. तू सही दिलीस तर ते विकावं असं माझ्या मनात आहे. भाऊजी गेल्यावर तू माहेरी परतलीस तेव्हापासून ते शेत एकटीने ओढते आहेस. आता पुरे झालं. इकडे ये. दुकानामागची खोली तुझी. बोंडअळी नाही, सालदाराची कटकट नाही.

हा बाजार टिकणार कसा, असं तू विचारशीलच. मागच्या आठवड्यात इथल्या वाचनालयात याच विषयावर एका प्राध्यापकांचं व्याख्यान झालं. भांडवलशाही टिकेल काय? दोन तास बोलून त्यांनी सिद्ध केलं की ती आणखी दहा वर्षंही काढणार नाही. साऱ्या जगाचे बाजार एकमेकांत असे गुंतले आहेत म्हणे, की जपानात गिरणी थांबली तर मुंबईत चूल थांबेल. व्याख्यान आटोपून ते थेट माझ्या दुकानात आले आणि टेरिलीनच्या पँटचं कापड घेऊन गेले. रंग टिकेल ना, एवढं मात्र दोनदा विचारलं.

आक्का, माणसाच्या हौसेला तळ नाही. पावसावर भरवसा ठेवण्यापेक्षा मी तिच्यावर ठेवीन. विचार करून कळव.

सही मिळाली नाही तरी लोभ आटू देऊ नकोस, आणि वड्याही.

तुझा,
भगवंत


॥ श्री ॥
नांदगाव खंडेश्वर
दि. २ ऑगस्ट १९६४

चि. भगवंतास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा कपाशीतलं तण काढायला डवरे चालू होते. पुंजारामनेच ते पोस्टातून आणलं आणि समोर बसून राहिला. त्याचं म्हणणं असं की, शेताच्या गोष्टी लिहिल्या असतील तं मलेबी वाचून दाखवा, कावून का सालदार मी आहो. वाचून दाखवलं. त्याने बैलांकडे पाहिलं. मग म्हणाला की, भाऊच्या दुकानात बैल बांधाले जागा असन काय ते इचारा. तेव्हा विचारते आहे.

तुझ्या प्राध्यापकांइतकं मी शिकले नाही. सातवीपर्यंतच्या डोक्याने एक शंका येते, ती सांगते. तुझं गिऱ्हाईक म्हणजे आमच्याचसारखी खेड्यातली माणसं. आमचा कापूस अमरावतीच्या बाजारात विकला जातो तेव्हाच आमच्या बाया लुगडी घ्यायला निघतात. तू त्याच बायांना नायलॉन नेसवणार. सगळ्याच नायलॉन नेसू लागल्या तर माझा कापूस कोण घेईल? आणि कापूस उकिरड्यावर गेला तर तुझं नायलॉन कशाच्या जिवावर घेतील? ज्या फांदीवर बसायचं तीच तोडायची, आणि वर लाकूड स्वस्त मिळालं म्हणून आनंद मानायचा, असं हे मला दिसतं. माझं चुकत असेल. समजावून लिही.

दुसरी गोष्ट सरळच लिहिते, कारण आडून लिहिलं तर तुला कळणार नाही. शेत आहे तोवर मी तुझी थोरली बहीण आहे. शेत गेल्यावर मी तुझ्या घरी राहणारी विधवा होईन. तू वाईट वागशील असं नाही. सुंदरा तर मला जीव लावते. पण उठताबसता आपण कोणाच्या वाटेत तर येत नाही ना, हे पाहत जगायचं मला भय वाटतं. इथे मी कोणाच्या वाटेत नाही.

तरी तुझ्या आड यायचं नाही. नवरात्रात येते, दुकान पाहते. हा तुझा बाजार टिकणारा आहे आणि त्यात मला उभं राहायला जागा आहे, असं डोळ्यांनी दिसलं तर तिथेच सही करीन. तोवर कोणाला शब्द देऊ नकोस.

घरी सर्वांस आशीर्वाद. माया आहे ती आहेच, ती काही विकायला काढलेली नाही.

तुझी,
मैनाआक्का

ता. क. विहिरीचा अंबाडीचा दोर दर पावसाळ्यात कुजतो. नायलॉनचा दोर कुजत नाही असं ऐकलं. मिळाल्यास चांगला लांब पाहून पाठवावा.


॥ श्री ॥
जठारपेठ, अकोला
दि. १४ सप्टेंबर १९६४

ती. स्व. आक्काचे सेवेशी,
भगवंताचा शि. सा. न. वि. वि.

दोर पाठवला आहे. कपाशीच्या मालकिणीने नायलॉनचा दोर मागवला, हे मी सुंदराशिवाय कोणालाही सांगितलेलं नाही. तिने मात्र सगळ्या जठारपेठेला सांगितलं.

तुझ्या शंकेचं उत्तर. आक्का, जग नांदगावएवढं नाही. इथला कापूस इथे खपला नाही तर कुठे तरी खपेल, बोटी चालू आहेत. आणि कापूस नाही खपला तर लोक दुसरं काही पिकवतील, दुसरं काही विकतील. विकणं थांबत नाही, फक्त वस्तू बदलतात. फांदी तुटली तर माणूस दुसऱ्या फांदीवर बसतो. एवढं मोठं झाड आहे.

शब्द देऊ नकोस म्हणालीस, तो मी दिला नाही. फक्त गाळा भाड्याने घेतला, भिंत पाडली आणि काच बसवली. एवढ्याला काही शब्द देणं म्हणत नाहीत.

आणि काचेत उभी करायला मुंबईहून एक बाई मागवली. घाबरू नकोस, प्लास्टरची आहे. मालधक्क्यावर तिची पेटी जरा उकलली आणि पाय बाहेर आला, तर हमालांनी पोलिसालाच हाक मारली. त्याला रेल्वेची बिल्टी दाखवून, पेटीत खून झालेला नाही हे पटवून देण्यात माझी दुपार गेली. चेहरा विलायती आहे, डोळे निळे, केस मानेपर्यंत कापलेले. तिला जपानी नायलॉनची आंबारंगी साडी नेसवली आहे. नेसवली म्हणजे माझा नोकर देवराव आणि मी, दोघांनी मिळून टाचण्यांनी टोचली. रस्त्यावरची सायकल थांबते, आक्का! बैलगाडीसुद्धा थांबते.

सुंदराला मात्र ती आवडली नाही. घटस्थापना तोंडावर आली आणि दारात अशी पांढऱ्या कपाळाची, उघड्या गळ्याची बाई उभी, हे घराला बरं नाही असं तिचं म्हणणं. ती प्लास्टरची आहे, असं मी समजावलं. त्यावर तिने विचारलं की देव कशाचे असतात. मला दुकान उघडायला उशीर होत होता, म्हणून मी निघालो.

अष्टमीला नक्की ये. तुझ्या मायेवर माझं दुकान उभं आहे, ती उधारीवर नाही हे मी जाणतो.

तुझा,
भगवंत


॥ श्री ॥
जठारपेठ, अकोला
दि. ७ ऑक्टोबर १९६४

ती. स्व. आक्कांस,
सुंदराचा शि. सा. न. वि. वि.

यांना सध्या पाणी प्यायलाही सवड नाही, म्हणून मी लिहिते. सवड का नाही, त्याला कारण मीच आहे.

घटस्थापनेला पहाटे सडा टाकायला दुकानापुढे गेले तर ती बाई काचेतून माझ्याकडेच पाहत होती. मला राहवलं नाही. आत शिरून तिला कुंकू लावलं, माझ्याजवळची जुनी काळी पोत गळ्यात घातली. हिरव्या बांगड्या काही चढेनात, तिची बोटं एकमेकांना जोडलेली आहेत, म्हणून दोऱ्याने बांधल्या. पदर डोक्यावरून घेतला आणि ते कापलेले केस झाकले. मग ती आपल्यातली वाटायला लागली.

सकाळी बोरगावच्या माणिकबाई कापड घ्यायला आल्या. काचेपुढे उभ्या राहिल्या, चपला काढल्या, आणि दुकानात येऊन खणनारळ मागितला. यांनी खण दिला, नारळ समोरून आणवला. यांना वाटलं, माणिकबाईंच्या घरी काही कार्य असेल. तर माणिकबाईंनी तिथेच काचेतल्या बाईची ओटी भरली. संध्याकाळी त्यांची चार दिवसांपासून हरवलेली गाय आपल्या पायांनी घरी आली म्हणे. काल बोरगावच्या साऱ्या बाया गाड्या जुंपून आल्या. आज रस्ता बंद आहे.

आक्का, मी पाप केलं का हो? मी फक्त तिचं कपाळ भरलं. बाईचं मोकळं कपाळ मला पाहवतच नाही.

हे लिहून झाल्यावर लक्षात आलं की मी कोणाला लिहिते आहे. कागद फाडणारच होते, पण दुसरा मागायला यांच्याकडे जावं लागेल, आणि यांच्याभोवती शंभर बाया आहेत. आक्का, राग मानू नका. मला तसं म्हणायचं नव्हतं.

लेकीसारखी समजून पदरात घ्यावं.

आपली,
सुंदरा


॥ श्री ॥
जठारपेठ, अकोला
दि. ९ ऑक्टोबर १९६४

ती. स्व. आक्काचे सेवेशी,
भगवंताचा शि. सा. न. वि. वि.

सुंदराने लिहिलंच असेल. तिने जे केलं त्याबद्दल मी तिला रागावणार होतो, पण गल्ला पाहून विचार बदलला.

व्यापार कसा चालला आहे ते ऐक. बाया येतात, माझ्याच दुकानातून पातळ घेतात आणि तिच्या पायांशी वाहतात. संध्याकाळी देवराव ती पातळं गोळा करतो. मी घडी घालून पुन्हा फळीवर ठेवतो. दुसऱ्या दिवशी तीच पातळं पुन्हा विकली जातात. जगात असा धंदा कुठल्या देशात आहे सांग! माल दुकानाबाहेर जात नाही, पण खप मात्र थांबत नाही. भांडवलशाही टिकेल काय म्हणणाऱ्या त्या प्राध्यापकांना हे बोलावून दाखवावं असं वाटत होतं, तर ते परवा आपणहोऊनच आले, सहकुटुंब. कुटुंबाने ओटी भरली. प्राध्यापक चपला सांभाळत रस्त्यात उभे होते.

वाहिलेली पातळं पुन्हा विकणं बरं नव्हे असं तू म्हणशील. देवळांतही लिलाव होतातच की.

एकच अडचण झाली आहे, ती मोठी आहे. मुंबईहून नव्या छापाचा माल आला. काल तिची साडी बदलायला देवराव काचेत शिरला, तर बाहेर एकच कल्लोळ झाला. एक म्हातारी छत्री उगारून आत आली आणि म्हणाली की भर रस्त्यात बाईमानसाच्या लुगड्याले हात लावता, तुमच्या घरी मायबहिनी नाईत काय? मी पडदा लावतो म्हटलं, तर पडद्याआड दोन बापे काय करून राहिले, असं बाया विचारू लागल्या. सुंदराला सांगितलं, तर घट बसलेले असताना मी देवीला हात लावणार नाही म्हणते. त्यामुळे नवा माल गठ्ठ्यांत पडून आहे आणि ती आंबारंगी साडी उन्हाने विटत चालली आहे. आक्का, काचेतलं रोज बदललं नाही तर लोकांना घरातलं जुनं कसं वाटेल? सगळा धंदा त्याच्यावर आहे.

पण हे नवरात्रापुरतं. अष्टमीला ये, कागद तयार आहेत. गर्दी पाहिलीस की टिकेल का, हे विचारायची तुला गरजच पडणार नाही.

वाट पाहतो. कृपा अशीच वाहती राहू दे.

तुझा,
भगवंत


॥ श्री ॥
नांदगाव खंडेश्वर
दि. १० ऑक्टोबर १९६४

चि. सौ. सुंदरास,
अखंड सौभाग्याचे आशीर्वाद.

कागद फाडला नाहीस ते बरं केलंस. कागद महाग आहे. मी रागावले नाही. माझं कपाळ मोकळं झालं तेव्हा तू पोर होतीस, तुझ्या बोटाला कुंकू असतं तर तू माझंही भरलं असतंस, हे मला माहीत आहे.

पुंजारामला सगळी हकीकत सांगितली. तो म्हणे, अमरावतीची अंबादेवी एवढी जवळ असून अकोल्यापावतर गाड्या कायले जुंपायच्या? मग जरा थांबून विचारू लागला की आपलीबी एक गोऱ्ही हरवली आहे, तं तिच्यासाठी नारळ न्याल काय. नारळ आणते आहे. पाप झालं असेल तर त्यात आमचाही वाटा राहू दे.

अष्टमीला येते. पुरणपोळीचा घाट घालू नकोस, साधं पिठलं कर. आणि मनाला लावून घेऊ नकोस, एवढी माझी ताकीद प्रेमाचीच समज.

तुझी,
मैनाआक्का


॥ श्री ॥
नांदगाव खंडेश्वर
दि. १८ ऑक्टोबर १९६४

चि. भगवंतास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. सही न करता निघाले आणि कारणही सांगितलं नाही. तोंडाने मला सांगता आलं नसतं. लिहून सांगते.

टांगा दुकानापुढे थांबला तेव्हा तू धावत बाहेर आलास. मला वाटलं, माझा भाऊ किती आनंदला. तू पिशवी घेतलीस आणि हळूच म्हणालास की आक्का, आत्ता पुढून नको, बाया ओट्या भरून राहिल्या, बिचकतील, बोळातून मागच्या दाराने ये. तू हे प्रेमाने म्हणालास. पिशवी जड होती, तीही तूच उचललीस. मी काही विसरले नाही.

मी मागच्या दाराने आले आणि जी खोली तू मला देणार आहेस त्या खोलीत गठ्ठ्यावर बसले. तिथून तुझी बाई पाठमोरी दिसते. पाठीला तिला रंगसुद्धा दिलेला नाही, नुसतं पांढरं प्लास्टर आणि ओळीने टाचण्या. तिला नवरा नाही, लेकरू नाही, तिने कोणाचं कधी केलं नाही. बोटभर कुंकवाने ती सवाष्ण झाली आणि अर्धा जिल्हा तिच्या पाया पडतो आहे. तुला कडेवर घेऊन वाढवलेल्या बाईने मात्र तिच्यासमोरून जायचं नाही. मला राग आला, भगवंता. रडूही आलं. सुंदराने पाहिलं, ती चहा करते म्हणून आत गेली आणि चुलीपुढे रडत बसली. चहा शेवटी मीच केला.

तुझा बाजार टिकेल का, असं मी विचारत होते. टिकेल. मी माझी शंका मागे घेते. प्लास्टरची हौस करणाऱ्या माणसांना विकायला तुला कधी काही कमी पडायचं नाही. प्राध्यापक हरले, तू जिंकलास. पण तो टिकावा म्हणून कोणाला तरी बोळातून यावं लागतं, आणि सहा एकर विकलं की ती मी असेन. म्हणून सही देत नाही. पुन्हा मागू नकोस.

कपाशी फुटायला लागली आहे. पहिल्या वेचणीआधी सीतादहीच्या पूजेला कपाशीच्या झाडाला सूत गुंडाळून दहीभाताचा नैवेद्य मीच ठेवते. गावातल्या सवाष्णी माझ्यामागे उभ्या असतात. माझ्यावरच्या प्रेमापोटी नव्हे, शेत माझं आहे म्हणून, एवढं मला कळतं. पण उभ्या असतात.

पुंजारामची गोऱ्ही सापडली नाही. त्याला तसं वाईट वाटलेलं नाही, नारळ लहान होता म्हणतो.

भाऊबीजेला मी येणार नाही. राग म्हणून नव्हे, वेचणी आहे. माझा लोभ कमी झाला असं समजू नकोस. फक्त थोडा दुरून राहील.

तुझी,
मैनाआक्का


॥ श्री ॥
जठारपेठ, अकोला
दि. २२ नोव्हेंबर १९६४

ती. स्व. आक्काचे सेवेशी,
भगवंताचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी जेवलो नाही. सुंदरा तर अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते. माझी चूक झाली. गर्दी पाहून माझी अक्कल गेली होती. सहीचं आता बोलत नाही, तशी गरजही उरली नाही. दुकानाची भरभराट पाहून गाळ्याच्या मालकाने आपणहोऊन भागीदारी मागितली आणि भांडवल घातलं.

पण तुझं पत्र मी वाया जाऊ दिलं नाही. ते वाचताना माझ्या मनात आलं की खरंच, आपल्या वडीलधाऱ्या बायांसाठी या बाजारात कोणी काही केलं आहे का? नायलॉन तरुण पोरींचं. पण वऱ्हाडात घरटी एक तरी आई, आत्या, थोरली बहीण पांढरं किंवा बारीक काठाचं लुगडं नेसते. तिच्याकडे कुठल्या दुकानदाराने पाहिलं? म्हणून मी मुंबईहून दुसरी बाई मागवली. केस पांढरे रंगवून घेतले. कपाळ मोकळं ठेवलं. अंगावर सुती पांढरं लुगडं, काळा बारीक काठ. वर पाटी लावली, ‘वडीलधाऱ्या मायबहिणींसाठी खास’. देवराव म्हणतो, चेहरा थोडा तुझ्यासारखा वाटतो. तिला पुढच्याच काचेत उभी केली आहे, आक्का, सवाष्णीच्या शेजारी. बोळात नाही.

आणि खप विचारशील तर नायलॉनच्या वर! मुलं आईसाठी नेतात, भाऊ बहिणीसाठी नेतात. भाऊबीजेला तर माल पुरला नाही. शिवाय माझी जुनी अडचणही सुटली. पहिलीची साडी आजही कोणी बदलू देत नाही, ती पार विटली. पण या दुसरीचं लुगडं देवराव दिवसाढवळ्या, भर रस्त्यावर, रोज बदलतो. कोणी हरकत घेत नाही. तिच्याकडे कोणी बघतच नाही, नुसतं लुगड्याकडे बघतात.

तुझ्यामुळेच हे सुचलं, म्हणून पहिल्यांदा तुलाच कळवतो. आता तरी राग गेला असेल. त्यातलंच एक चांगलं लुगडं भाऊबीज म्हणून पाठवू का? एका ओळीने कळव, म्हणजे माझा जीव थाऱ्यावर येईल.

तुझ्या मायेचा भुकेला,
भगवंत


॥ श्री ॥
नांदगाव खंडेश्वर
दि. ३० नोव्हेंबर १९६४

चि. भगवंतास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वेचणी चालू आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. दुकान चांगलं चाललं, आनंद आहे. पुंजारामलाही वाचून दाखवलं. तो हसला नाही. उठून बैलांना पाणी पाजायला गेला.

लुगडं भाऊबीज म्हणून पाठवू नकोस. मला एक पाहिजेच आहे, अंगावरचं विरलं आहे. कापूस विकला की पैसे गाठीला बांधून मी अकोल्याला येईन आणि विकत घेईन. काळ्या काठाचं एक बाजूला काढून ठेव, आणि देवरावला सांगून ठेव, की नांदगावची एक बाई येणार आहे, तिला चार घड्या उलगडून दाखवायच्या, गादीवर बसवायचं, पाणी विचारायचं. ती पुढच्या दाराने येईल. गिऱ्हाइकाला बोळातून आत घेण्याची रीत तुझ्या दुकानात नाही, हे मी अष्टमीला बसल्या बसल्या पाहिलं आहे.

सुंदराला माझा आशीर्वाद सांग, आणि तिच्याशी तूच आधी बोल. बाकी माझी माया जुनीच आहे, तिला नवी पाटी लावायची गरज नाही.

तुझी,
मैनाआक्का